चाचांच्या सात शिंका

चाचा एकदा शिंकू लागले की सातांच्या आत थांबत नसत. भाद्रपद उतरला, शिवारातील ज्वारी निसवली आणि कणसांवरची पिवळी पूड वाऱ्यावर उडू लागली, की त्यांचे डोळे लाल होत, नाक वाहू लागे, आणि मग अमरावतीच्या कापूसबाजारात उभे असलेले बैलदेखील कान टवकारीत. प्रत्येक शिंकेनंतर ते "अल्हम्दुलिल्लाह" म्हणत. त्यांच्या लेखी शिंक ही परमेश्वराचे आभार मानण्याची वेळ होती. बाजाराच्या लेखी ती अपशकुन होती. त्यांची सारी अडचण एवढीच. पण ती लहान नव्हती, कारण चाचा एका शेठच्या पेढीवर कापसाचे दलाल होते.

मी त्याच शेठकडे माल मोजणारा मापारी होतो. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील बोंडांना सोन्याचे मोल आलेले. तसे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. पहाटेपासून गाड्यांची रांग लागे, सकाळचा भाव दुपारी शिळा होई, आणि एरवी हळू बोलणारी माणसेही ओरडून बोलत. मात्र सौदा मुक्याने होई. दलाल आणि विकणारा उपरण्याखाली हातात हात घेत व बोटे दाबून भाव सांगत. त्या हातांवर बाजार चाले, आणि चाचांच्या हाताइतका खरा हात दुसरा नव्हता.

परंतु ऐन बोटे जुळताना शिंक आली की विकणारा हात काढून घेई.

"शिंकले न चाचा! आता नाई जमत. घटकाभर बसा."

"अरे, माह्या नाकाचा न तुह्या कापसाचा काय संबंध?"

"संबंध नाई. पन घटकाभरानं भाव त वाढते!"

भोवतालचे हसत. चाचाही हसत. शेठ हसत नसत. एका दसऱ्याला त्यांनी स्पष्ट सांगितले, "पुढल्या साली शिंका थांबल्या नाहीत तर या गादीवर दुसरा बसेल."

चाचांनी काय केले नाही? नाकात तूप सोडले, तोंडाला ओले फडके बांधले, हळदीचे दूध घेतले. शेवटी हकीम म्हणाले, "जागा बदला." नेमके तेव्हाच अकोल्याला आगगाडी आली आणि शेठने तिकडे पेढी उघडली. चाचांनी बिऱ्हाड गाडीत घातले. मीही गेलो.

अकोल्यातील पहिला आश्विन मला लख्ख आठवतो. चाचा बाजारभर धावत होते. दिसेल त्याला थांबवून, नाकाकडे बोट दाखवून म्हणत, "पाय, पाय! नाक पाय माहं! कोरडं ठन!" चौदा सौदे झाले, एकही मोडला नाही. त्या साली पाऊस मागे पडून भोवतालची ज्वारी पुरती निसवलीच नव्हती, हे मी पाहिले होते. बोललो नाही. त्या एका सालाच्या भरवशावर चाचांनी अमरावतीचे घर विकले.

दुसऱ्या साली पाऊस वेळेवर आला. ज्वारी पुरुषभर उंच झाली, आणि शिंका परतल्या.

मी म्हटले, "चाचा, धारणीकडे जा. डोंगरात एवढी ज्वारी नाही."

"गवत त हाय न तिथं? साल-दोन साल नाक फसन, मंग त्या गवताले वयखन." मग त्यांना हसू आले. "आन पाय, जवारीनं शिंकतो, न भाकर जवारीचीच खातो. रुसून जाऊ त कुठं जाऊ?"

त्याच आठवड्यात एक मोठा सौदा निघाला. शंभरावर गाड्यांचा माल, आणि शेठ स्वतः शेजारी बसलेले. बोटे जुळली. चाचांनी ओठ दाबले, मान फिरवली, आणि सातही शिंका आल्या. विकणाऱ्याने हात काढला तो घटकाभरासाठी नव्हे. तो माल घेऊन दुसऱ्या पेढीवर गेला. शेठ संतापाने काळेनिळे झाले. चौथ्या दिवशी मुंबईहून तार आली. लढाई थांबणार अशी आवई उठली होती आणि भाव कोसळला होता. ज्या पेढीने तो माल घेतला ती बुडाली.

झाले! साऱ्या अकोल्यात चाचांची शिंक गाजली. शेठ लोक त्यांना शेजारी बसवण्यासाठी भांडू लागले. आमच्या शेठने नवी गादी घातली, तक्के ठेवले. दिवाळी झाली, ज्वारी कापली गेली, आणि चाचांचे नाक ठणठणीत बरे झाले. तेव्हा एका सौद्याच्या वेळी शेठने तपकिरीची डबी पुढे केली.

"चाचा, एक चिमूट घ्या. भाव उतरणार असला तर शिंक येईलच."

चाचांनी डबीकडे पाहिले. "शेठ, वरच्या मालिकनं शिंक देल्ली, त त्याचा शुकर करतो. डबीतून काढून इकली, त शुकर कोनाचा करू?"

"मग उठा," शेठ म्हणाले.

ते उठले. उपरणे खांद्यावर टाकले. शेठ माझ्याकडे वळले. "मापारी, तुला सौदा येतो. तू बस."

मी जागचा हललो नाही. घरी पाच खाणारी तोंडे होती, हे चाचांना ठाऊक होते.

"बस न बाबू," ते म्हणाले. "काहून लाजून राहिला? हात खरा ठेवजो, बस्स."

पुढे ते दर्यापूरच्या बाजूला, दिवाळीनंतरच्या महिन्यांत, लहान शेतकऱ्यांचे सौदे करीत. भाद्रपद उतरला की दारेखिडक्यांना ओली फडकी लावून घरात बसत. अमरावतीला परतले नाहीत. परतायला घर नव्हते. पैशाची ओढाताण शेवटपर्यंत राहिली. तक्रार मी ऐकली नाही.

चाचा गादीवरून उठले त्या दिवशी मी गादीजवळ गेलो तेव्हा तिच्यावर सरकीचे चार दाणे आणि कापसाचे पुंजके पडलेले होते. चाचा जाता जाता वाकले. आपल्या उपरण्याने त्यांनी ती गादी माझ्यासाठी झटकली.

मी बसलो. एकतीस वर्षे बसलो.