ढाक्याचा व्यापारी

संत्रा तोडला की तो आधी कानाशी नेऊन हलवायचा. आमच्या वरूडात असं कोणी करत नाही. मी म्हणायचो, "कोनाचा फोन आहे भाऊ?" तो हसायचा. "दादा, मीठा है. बात पक्की."

तुम्हीही बाहेरगावचे व्यापारी पाहिले असतील. बाग पाहतात, खोट काढतात, भाव पाडतात. हा ढाक्याहून दर हंगामात यायचा. सौदा झाला की पहिला संत्रा सोलून मालकाच्या तोंडात घालायचा. माझी बायको पदर तोंडाला लावून हसायची. आमच्यात राहून तो 'मले' शिकला होता. "वहिनी, मले भाकर द्या, भात नको." बंगाली माणूस, अन् भात नको!

नागपूरला त्याच्या हृदयाची झडप बदलली होती. तपासणी आणि सौदा तो एकाच फेरीत उरकायचा.

मग त्याच्या देशात पोट्टे रस्त्यावर आले, सरकार पडलं. दिल्लीनं व्हिसा आवळला. दवाखान्यासाठी मिळतो म्हणे, पण थोड्यांना. यानं पासपोर्ट ढाक्यातल्या आपल्या भारताच्या व्हिसा ऑफिसात दिला आणि वाट पाहत बसला. फोनवर म्हणाला, "दादा, मले दम लागून राहिला. डॉक्टर म्हणते, नागपूरलेच जा."

मी अमरावतीला एका पुढाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, हे परराष्ट्र धोरण आहे. तुमाले नाही समजणार."

मी चौथी नापास. पण गप्प बसणारा नाही. "साहेब, राग तिथल्या सरकारवर, अन् दार बिमार माणसाच्या तोंडावर काहून लावता?"

"तिकडं आपल्या लोकायवर हल्ले होऊन राहिले, ते नाही दिसत?"

"दिसते. ते यानं केले काय?"

त्यानं चहा संपवला आणि दुसऱ्याला आत बोलावलं.

टीव्हीवर रोज ओरडतात, शेजाऱ्याला धडा शिकवला पाहिजे. शिकवला ना! कोणाला शिकवला, ते मला विचारा.

आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी सुरू होती, तेव्हा त्याच्या मुलाचा फोन आला. अब्बा गेले. मजूर क्रेट घेऊन खोळंबले होते, मी बांधावरच बसलो. पोरगा रडत नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "चाचा, अब्बा का पासपोर्ट अभी भी आपके दफ्तर में पड़ा है. किससे मांगें?"