आधीच्याचं पीठ

हौसाबाईंच्या गिरणीत आपला नंबर लागला की आधी त्या आपण आणलेल्या धान्यातली एक मूठ जात्यात सोडत. खालच्या कापडी नळीला दोन चापट्या मारत, जे पीठ पडेल ते कोपऱ्यातल्या पत्र्याच्या टोपल्यात टाकत आणि मगच आपला डबा नळीखाली सरकवत. टोपल्यातलं पीठ संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात जाई. वारज्याला राहायला आलो त्याच आठवड्यात मी हे पाहिलं आणि सदाशिव पेठेतून बरोबर आणलेल्या आवाजात विचारलं, "बाई, गहू आमचा आणि गाईचं पुण्य तुम्हाला, अशी सोय आहे का इथे?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "ते पीठ तुमचं न्हाई, साहेब. तुमच्या आधीच्याचं हाय. त्यांची बाजरी व्हती. जात्यात राहतंच थोडं. दिसत न्हाई म्हणून नसतंय व्हय?"

मला गप्प बसवणारी माणसं पेठेतही फार नव्हती.

त्या तोंडाकडे का बघतात ते मला नंतर कळलं. गिरणीच्या घरघरीत वर्षं काढून त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्या ओठ वाचत, आणि रस्त्यापलीकडचे ओठसुद्धा वाचत. एकदा रांगेच्या शेवटी दोन बायका आपसात कुजबुजल्या की हौसाबाई थकल्या, हल्ली दळण जाड येतं. हौसाबाई जागेवरूनच म्हणाल्या, "दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायची राहिली हाय, बायांनो. माझ्या वयाचा काय संबंध?" त्यानंतर रांगेत लोक पाठ फिरवून बोलू लागले.

गिरणी मुळात त्यांच्या नवऱ्याची, तात्यांची. तात्यांनी उमेदीत कधी नाकाला फडकं बांधलं नाही आणि सगळं पीठ छातीत साठवलं. दोन पायऱ्या चढले की भिंतीला हात टेकायचे. डॉक्टरांनी गिरणीची पायरी बंद केली तेव्हा हौसाबाई जात्यापाशी उभ्या राहिल्या, त्या नाकातोंडाला धुवट सुती फडकं बांधूनच. त्यामुळे साथ आली आणि आम्ही सगळे मास्कच्या नावाने कुरकुरायला लागलो तेव्हा त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "आधी दुसऱ्याचं आपल्यात येऊ नये म्हणून बांधायची," त्या म्हणाल्या, "आता आपलं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. फडकं तेच हाय."

पण त्यांची अडचण वेगळीच होती. सगळं बंद असताना गिरणी चालू होती. लोक रस्त्याने शहाण्यासारखे मास्क लावून येत, खडूच्या रेघेवर उभे राहत, आणि हौसाबाईंसमोर आले की मास्क खाली ओढत. बिचाऱ्यांना ऐकू येत नाही, ओठ तरी दिसू देत, म्हणून. सगळं वारजे एकमेकांपासून तोंड झाकत होतं आणि दयेपोटी या एका बाईसमोर उघडं करत होतं. आणि तिच्या घरी, मागच्या छोट्या अंगणापलीकडे, छातीत पीठ साठलेला माणूस बसलेला.

हौसाबाईंनी ती दया चार दिवस सोसली. पाचव्या दिवशी त्यांनी फळीवर तीन ताटल्या मांडल्या. एकीत जाड पीठ, दुसरीत मध्यम, तिसरीत बारीक. डबा ठेवायचा, ताटलीकडे बोट दाखवायचं, निघायचं. मास्ककडे कुणाचा हात गेला की त्यांचा पंजा वर व्हायचा. ज्या बाईला अख्ख्या गावाच्या सोयरिकी आणि भांडणं तोंडपाठ, तिने स्वतःहून सगळ्यांची तोंडं बंद केली. कित्येक महिने तिच्याशी बाहेरचं कुणी एक शब्द बोललं नसेल. पुढे कधीतरी मी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माणूस राहिलं तर बोलणं राहतंय."

आता माझी करामत सांगतो. आमच्या घरची थालीपीठाची भाजणी जाड चालत नाही आणि मध्यमही चालत नाही. ती पहिल्या आणि दुसऱ्या ताटलीच्या मधली लागते. समोर तीन ताटल्या असताना चौथी मागणं हा आमचा जन्मसिद्ध हक्क. मी दोन ताटल्यांच्या मधल्या फळीवर बोट ठेवलं. हौसाबाईंना कळेना. मग मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि रेघ ओलांडून, सावकाश, चांगली तीन-चार वाक्यं बोललो. त्यांचा पंजा वर होता, पण वाक्य अर्धवट सोडायची मला सवय नाही. त्या मागे सरकल्या. "साहेब, थालीपीठच खायचंय ना?" म्हणाल्या आणि डबा घेतला.

दोन दिवसांनी मला ताप आला. थालीपीठाला वास येईना. तपासणीचा निकाल आला तेव्हा बायको म्हणाली, "आधी हौसाबाईंना कळवा." मी हो म्हटलं आणि दुपारपर्यंत फोन हातात घेऊन बसलो. गिरणीत दिवसाला कितीजण येतात, माझंच नाव कशाला निघेल, हा विचार मनात आला. आला हे लिहिताना आजही लाज वाटते.

शेवटी फोन लावला. हौसाबाईंना फोन ऐकू येत नसे, तो तात्याच घेत. म्हणजे ज्याच्या जिवाला धोका, त्यालाच सांगायचं होतं.

"तात्या, तीन दिवसांपूर्वी मी गिरणीत आलो होतो. माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. आणि बोलताना माझा मास्क खाली होता."

धापा टाकत तात्या म्हणाले, "बरं केलं सांगितलं. आता ठेवतो, तिला सांगतो."

तासाभरात गिरणीला कुलूप लागलं, पण आतून. हौसाबाईंनी वळकटी गिरणीत नेली होती. माझ्यानंतर कुणाकुणाचे डबे लागले, ते त्यांनी ओळीने आठवून कागदावर लिहिलं आणि तात्यांनी दर फोनमागे दम खात सगळ्यांना कळवलं. प्रत्येकाने विचारलं, कुणामुळे? हौसाबाईंनी तात्यांना आधीच बजावलं होतं, "डब्यावर नाव असतंय, पिठावर नसतंय." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र आग पेटली. त्या बेजबाबदार माणसाचं नाव जाहीर करा, असे निरोप आले. एरवी लोकांचं शुद्धलेखनही सुधारणारा मी, त्या दिवशी एक अक्षर लिहू शकलो नाही.

कुलूप लागल्यावर पाचव्या दिवशी हौसाबाईंना ताप चढला. तात्यांना काही झालं नाही.

आमच्या गॅलरीतून ते अंगण दिसायचं. रोज सकाळ-संध्याकाळ तात्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसत. अंगणाच्या या टोकाला, गिरणीच्या मागच्या दारात, हौसाबाई फडकं बांधून बसत. मधे सगळं उघडं अंगण. तात्या मास्क काढत आणि बोलत. दम लागायचा म्हणून एकेक शब्द सावकाश, आणि हौसाबाई तापलेल्या डोळ्यांनी प्रत्येक शब्द टिपत. नवरा-बायकोचं इतकं मन लावून चाललेलं बोलणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच. मी स्वतः तापात होतो, पण रोज उठून ते पाहायला गॅलरीत जात होतो. त्या बाईपुढे मला फार लहान वाटायचं.

त्या बऱ्या झाल्या. साथ सरली, मास्क गेले, ताटल्याही गेल्या. त्या तापानंतर तात्या तीन वर्षं जगले आणि जुन्याच दुखण्याने गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा मला सर्दी होती, म्हणून मास्क लावला होता. खोलीतले सगळे माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. हौसाबाईंनी मला खुणेने अंगणात नेलं, खुर्ची दिली आणि स्वतः समोरच्या पायरीवर बसल्या. एक वाक्य माझ्याजवळ तीन वर्षं तयार होतं. ते बोलावं म्हणून हात मास्ककडे गेला. त्यांनी मान हलवली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मलाच बोलायचंय. त्या दिवशी तुम्ही फोन केला नसता, तर मी रोजच्यासारखी त्यांच्या शेजारी निजले असते. तीन वर्सं मिळाली त्यांना. येईल त्याला मी सांगते, साहेबांच्या फोनामुळं मिळाली म्हणून."

खाली ओढलेल्या मास्कबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मी मास्कच्या आतून माफ करा म्हणालो. ते त्यांना दिसलं नाही. मग मी हात जोडले.