मला बाहेर झोपायचं होतं: कास, वडूज, जत

बाहेर झोपायचं म्हणून मी घरातून निघाले आणि दोन गावांतल्या भल्या माणसांनी मला धरून धरून आत झोपवलं. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षं झाली. माझे गुडघे गेले, दात गेले, राग मात्र जागच्या जागी आहे. म्हणून आधीच सांगते, हे प्रवासवर्णन गोड नाही. कासची फुलं बघायला निघालेल्यांनी हवं तर इथूनच परतावं.

माझं माहेर सांगलीचं. वडिलांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. गूळ-हळदीच्या ट्रकवर घालायच्या त्या जाड, वास मारणाऱ्या ताडपत्र्या. चालता यायला लागल्यापासून मी त्या दुकानात होते, त्यामुळे पाणी शिवणीतून कसं शिरतं हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही. लग्न होऊन साताऱ्याला आले. नवरा सरकारी कचेरीत कारकून आणि गावातल्या गिर्यारोहण मंडळाचा सभासद. नाव वसंत. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे, आता बिनदिक्कत घेते.

दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. मंडळाचं हिमालयात जायचं घाटत होतं आणि तंबूंच्या ओझ्यावरून रोज आमच्या ओसरीवर वाद चालायचे. चहा देता देता मी एकदा म्हणाले, तंबू हवाच कशाला? माणूस दमला की जिथे असेल तिथे आडवा होईल, ऊन-पाऊस-थंडी काहीही असो, अशी एकच पिशवी शिवता येईल. सगळे हसले. मी शिवली. खाली लष्कराच्या मोडीतलं रबरी कापड, वर घट्ट विणीचं सुती कापड, मेण आणि जवसाचं तेल पाजून उन्हात वाळवलेलं. मध्ये पिंजलेली लोकर, आत मांजरपाट. डोक्याशी घोंगडीच्या खोळीसारखं टोपरं, आणि एका बाजूला लांब चेन, तिच्यावर पाणी अडवायला कापडाचा झाप. चार महिने गेले आणि शिवणयंत्राच्या सुया किती मोडल्या ते मशीनच जाणे.

मंडळींनी तिची चाचणी कुठे घ्यावी? एका विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, खाटेवर. तोंडापर्यंत चेन ओढून रात्रभर आतच श्वास सोडला आणि सकाळी निकाल दिला की पिशवी आतून ओली होते. होणारच. तोंडावर पातेलं ठेवून झोपलात तर पातेलंही आतून ओलं होईल. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, वहिनी, दसऱ्यानंतर बैठक आहे, तोवर कोणी हिच्यात उघड्यावर पावसात झोपून दाखवलं तर बघू, नाहीतर मुंबईहून तयार माल मागवतो. मी म्हटलं, मीच झोपते. पुन्हा सगळे हसले. यावेळी वसंतरावही हसले, ते मी लक्षात ठेवलं.

तर असा बेत ठरला: कासला धुकं आणि पाऊस, वडूजला माळावरचा वारा, जतला दिवसा ऊन आणि परतीचा पाऊस. तीन ठिकाणी तीन रात्री. एकटीला सोडायला सासूबाई तयार नव्हत्या, म्हणून वसंतराव बरोबर आले. पिशवी एकच. ते घोंगडी घेऊन शेजारी पडणार होते.

साताऱ्याहून कासला जाणारी एस.टी. तेव्हा दिवसातून मोजक्या वेळा असे, आणि घाटात ती इतकी कण्हायची की आपणच उतरून ढकलावं असं वाटे. आता तिथे रस्ता छान झाला आहे, फुलांच्या दिवसांत आधी नोंदणीही करावी लागते. तेव्हा आम्ही, गाडी आणि धुकं. पठारावर फुलं सरत आली होती, बारीक भुरभुर चालू होती. पिशवीला हवं होतं अगदी तसं. उतरलो तर थांब्यावर डोक्यावर इरलं घेतलेला एक माणूस उभा. वसंतरावांच्या कचेरीतल्या शिपायाचा भाऊ म्हणे. चला घरी. मी म्हटलं, जेवायला येऊ, झोपायला आम्ही बाहेर आहोत. त्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली.

नाचणीची भाकरी, वरण्याच्या शेंगदाण्यांची उसळ, वर कढत तूप. जेवण असं होतं की रागावणं कठीण जावं, तरी मी जमवलं. कारण जेवून उठते तोवर चुलीपाशी माझं अंथरूण पडलं होतं आणि माझी पिशवी उशाला घडी घालून ठेवली होती. बाहेर जाऊ लागले तर ती माउली दारात आडवी बसली. म्हणाली, "पावण्यास्नी भाईर निजवलं तर उद्या पाणवठ्यावर मी त्वांड कुठं दावू?" मी वसंतरावांकडे बघितलं. ते म्हणाले, नाही कसं म्हणायचं गं, वाईट दिसतं. छपरावर पाऊस पडत होता. माझा पाऊस, मी ज्याच्यासाठी आले तो, आणि मी चुलीच्या उबेला पडून तो नुसता ऐकत होते.

साताऱ्याला परत येऊन पुसेगावमार्गे वडूज. घाट उतरून पूर्वेला वळलं की हिरवा रंग मागे पडत जातो, बाजरीची कणसं दिसू लागतात आणि वारा मोकळा सुटतो. पुसेगावच्या स्टँडवर भजी चांगली मिळत, आता काय परिस्थिती आहे माहीत नाही. वडूजला उतरलो तर तिथेही माणूस हजर. पांढऱ्या मिशांचे निवृत्त सुभेदार, वसंतरावांच्या मामांच्या पलटणीतले. मला वाटलं, काय योगायोग. इतकी मी भोळी.

सुभेदारांनी पिशवी उलगडून बघितली. शिवण ताणली, रबरी कापडाचा वास घेतला, चेन वर-खाली केली. "लय झ्याक," म्हणाले. "आमाला लडाखात असली मिळाली असती तर दोन बोटं वाचली असती." आणि खरोखरच डाव्या पायाची बोटं दाखवली. एवढं सगळं ज्याला कळतं तो माणूस तरी मला बाहेर झोपू देईल, असं मला वाटलं. ते उठले, पिशवीची व्यवस्थित घडी घातली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. "सूनबाई, पोरीबाळी माळावर निजायला आमी मेलो न्हाई अजून." घराला अब्रू असते, गाव बघतं, वगैरे बरंच पुढे झालं. मी छपरी पलंगावर मऊ गादीवर झोपले. गादी इतकी मऊ होती की माझी पाठ धरली.

सकाळी सुभेदारांनी पिशवी परत दिली, आणि वडूजच्या स्टँडवर आम्ही मिरजेच्या गाडीची वाट बघत होतो. तिथून जतची गाडी धरायची होती. तेवढ्यात आदल्या दिवशीचा कंडक्टर वसंतरावांना बघून जवळ आला आणि मोठ्या कर्तव्यदक्षपणे म्हणाला, "सायेब, जतचा निरोप बी धाडलाय बरं का. मिरजेच्या गाडीवाल्याला सांगितलंय. मास्तर स्टँडवर येत्याल."

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फोन गावात एखादाच, तार करायची ती कोणी गेल्यावर. बाकी सगळे निरोप एस.टी.च्या कंडक्टरबरोबर जायचे. एक कंडक्टर दुसऱ्याला सांगे, तो तिसऱ्याला, आणि निरोप बरोबर माणसापर्यंत पोचे. आमच्या भागातली ही फार चांगली पद्धत होती, आणि माझ्या नवऱ्याने ती माझ्याविरुद्ध वापरली होती. कासला, वडूजला, जतला. आम्ही पोचायच्या आधी. 'येतोय, मुक्काम तुमच्याकडे.'

मी विचारलं, का? ते बुटांकडे बघत म्हणाले, "लोक काय म्हणतील, कमल? वसंताची बायको रस्त्यावर झोपते?"

 मला राग आला. चार महिने मी रात्रंदिवस मशीनवर बसलेली या माणसाने बघितली होती. पिशवी पास होणं म्हणजे माझ्यासाठी काय, हे त्यांना माहीत होतं. घरात मी भाकऱ्या थापणारी, ओसरीवर मी चहा देणारी, आणि या एका गोष्टीत मी कमल, जिला काहीतरी येतं. ते सगळं त्यांनी कंडक्टरच्या हातात चिल्लर द्यावी तसं देऊन टाकलं होतं. गाडी लागली. मी पिशवी पाठीला मारली, चढले आणि दारातून सांगितलं की तुम्ही येऊ नका. ते आले नाहीत. त्याचाही राग आला.

मिरजेहून जतचा रस्ता लांब आहे आणि दुपारी तर तो संपतच नाही. कवठे महांकाळ सोडलं की झाडं कमी होत जातात, गाडीत कानडी ऐकू येऊ लागतं. पाणी बरोबर ठेवा, हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. जतला उतरले तर वसंतरावांच्या ओळखीतले ते शाळामास्तर खरोखर उभे होते, धोतर, काळी टोपी, हातात छत्री. मी म्हटलं, ते मागच्या गाडीने येताहेत, तुम्ही इथेच थांबा. मास्तर आज्ञाधारकपणे थांबले. मी चालू लागले ते गाव संपेपर्यंत.

गावाबाहेर ज्वारीच्या पेरणीला तयार केलेल्या एका रानात मेंढ्या बसवल्या होत्या, खतासाठी. दोन-तीन धनगर कुटुंबांचा तळ. पुरुष मेंढ्या आवरत होते. एक माझ्या आईच्या वयाची बाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती. हौसाबाई तिचं नाव. मी भांडायच्या तयारीनेच गेले आणि सगळं एका दमात सांगितलं की मी इथे उघड्यावर झोपणार, मला घरात नेऊ नका, मला काही होत नाही. तिने मान वर करून बघितलं. तिला घर होतंच कुठे तिथे.

"बा, कुंद्र," म्हणाली, म्हणजे ये, बस. मग मराठीत, "निज की. नगं कोण म्हणतंय?" आणि भाकरी उलटवून पुढे, "फकस्त मेंढरांच्या वाटंत निजू नगंस. सकाळी तुडवत्याल."

एवढंच. कोणी दारात आडवं बसलं नाही, कोणाची अब्रू गेली नाही. तिने पिशवीचं कौतुकही केलं नाही. भाकरी आणि लसणाचं तिखट खाल्लं, साडीखाली वसंतरावांचा पायजमा चढवला, साडी सोडली आणि पिशवीत शिरले. तोंड बाहेर, टोपरं वर. घाम नाही, ओल नाही. इतकी गाढ झोपले की लाज वाटावी.

पहाटे पाऊस आला. परतीचा तो पाऊस, मोठमोठ्या थेंबांचा, वाऱ्याबरोबर आडवा. मी हललेच नाही. पाय कोरडे, पाठ कोरडी, पोट कोरडं. मी आनंदाने मोजदाद करत होते आणि तेवढ्यात उजव्या खांद्याला गार लागलं. मग दंडाला. चेनीवरचा झाप वाऱ्याने उचलला होता आणि पाणी सरळ आत येत होतं.

कारण पडल्या पडल्याच कळलं. मी झाप ट्रकच्या ताडपत्रीसारखा घातला होता, पुढून मागे. ट्रकला वारा नेहमी समोरूनच लागतो, म्हणून आमच्या दुकानात दुसरी पद्धत कधी नव्हतीच. पण झोपलेला माणूस कुठे चाललेला नसतो. त्याला वारा कुठूनही लागतो. झाप दुहेरी हवा होता, एकावर एक, उलटसुलट. सांगलीत वाढलेल्या ताडपत्रीवाल्याच्या मुलीकडूनच होईल अशी ती चूक होती आणि ती चुलीपाशी, छपरी पलंगावर किंवा व्हरांड्यात कधीही सापडली नसती. हिमालयात सापडली असती, दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्याला. हे डोक्यात आलं आणि मी त्या पावसात पडल्या पडल्या वसंतरावांना दोन जिल्हे ऐकतील एवढ्या शिव्या दिल्या. हौसाबाई घोंगडीच्या खोळीतून म्हणाली, "आगं, गप निज."

उजाडल्यावर रानाच्या बांधावरून दोन माणसं येताना दिसली, एका छत्रीत. मास्तर रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत स्टँडवर थांबले होते, आणि त्या गाडीने वसंतराव खरोखर आले होते. दोघांनी मला अंधारात गावभर शोधलं होतं. शोधायचं कुठे, तर घरांमध्ये. घराबाहेर बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

"भिजलीस?" त्यांनी विचारलं.

"खांदा," मी म्हटलं. "फक्त खांदा."

मग मी सुईदोरा काढला आणि झाप उसवायला बसले. ते समोर बसले आणि ओलं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. हे काम ते घरी कधी करत नसत. मी बरं वाटून घेतलं नाही.

दसऱ्यानंतर बैठक झाली, आमच्याच ओसरीवर. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. अध्यक्षांनी पिशवीचा नवा झाप बघितला आणि वसंतरावांना विचारलं, मग काय, कसा झाला तुमचा अनुभव? पावसात झोपलात? मी ट्रे घट्ट धरला. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. पिशवी पास झाली असती आणि लोकही काही बोलले नसते.

"मी नाही झोपलो," वसंतराव म्हणाले. "मी हिला गावातल्या घरांमध्ये शोधत होतो. ही झोपली. जतला माळावर, एकटी, भर पावसात. काय विचारायचं ते तिला विचारा."

 आतून सासूबाईंच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मी ट्रे खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि झापाबद्दल सांगायला बसले. मंडळाने माझ्याच पिशव्या नेल्या. सातारच्या गल्ल्यांमध्ये आमच्याबद्दल जे बोललं जायचं ते वर्षभर बोललं गेलं. वसंतरावांना ज्याची भीती होती अगदी तसंच.

त्या प्रवासातून काय उरलं असं कोणी विचारलं तर मी प्रामाणिकपणे सांगते, पहिला उरला तो राग. एका वाक्याने तीन निरोप फिटत नाहीत, आणि हे मी त्यांना अनेकदा ऐकवलं आहे. पण पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा कासला गेलो. पुन्हा भुरभुर, आणि थांब्यावर पुन्हा तोच इरलंवाला उभा. मी गाडीतूनच वसंतरावांकडे असं बघितलं की ते खिडकीला चिकटले. उतरले ती भांडायलाच.

त्या माणसाने इरलं मागे सारलं आणि कंडक्टरकडून पाठ झालेला निरोप घडाघडा म्हणून दाखवला. "मिळाला सांगावा. जेवान घरात. अंथरून टाकायचं न्हाई. बाई भाईर निजत्यात."