पत्र पावलं, सविस्तर नंतर

मला कॉम्प्युटरमधलं बरंच कळतं, असा आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये समज होता. तो मीच पसरवला होता. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी खरेदी विभागात होतो. तिथे कॉम्प्युटर होता, आणि तो बंद पडला की दुरुस्तीवाल्याला फोन करायचं काम माझ्याकडे होतं. एवढ्या अधिकारावर, नव्वदचं दशक संपता संपता, मी घरी एक असेंबल केलेला कॉम्प्युटर आणला आणि बिल्डिंगमध्ये जाहीर केलं की आता परदेशातल्या मुलांशी बोलायची सोय मी करणार.

सहा घरांतली मुलं बाहेर होती. कल्पना अशी, की सगळ्यांसाठी एकच पत्ता काढायचा. त्या पत्त्यावर कुणी एक ईमेल पाठवली की माझा कॉम्प्युटर तिच्या प्रती काढून सर्वांना धाडेल. याला मेलिंग लिस्ट म्हणतात, आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर मला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळालेलं. ते बसवायला चार रविवार गेले. पहिल्याच रविवारी बायकोने टाइप केलेल्या शाळेच्या प्रश्नपत्रिका पुसल्या गेल्या. पुढचे तीन रविवार मी सॉफ्टवेअर कमी आणि तिला हे सांगायचा मुहूर्त जास्त शोधत होतो.

इंटरनेटवाल्याचं ऑफिस ठाण्यात. डोंबिवलीहून ठाण्याला फोन म्हणजे तेव्हा महागडा एसटीडी. म्हणून कॉम्प्युटर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आपणहून नंबर फिरवायचा, साठलेली पत्रं द्यायचा, आलेली घ्यायचा. बाकी दिवसभर तो नुसता घुंई करत बसायचा.

या सगळ्याकडे डोळे लावून बसलेल्या होत्या वरच्या मजल्यावरच्या काकू. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी अमेरिकेत, आणि तिला आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तिकडे होणार. काकूंचा व्हिसा नाकारला गेला होता. तरी त्यांनी डिंकाचे लाडू केलेच, आणि ते आम्ही खाल्ले.

काकू सांगायच्या, मी रोमन अक्षरांत मराठी टाइप करायचो. पत्र गेलं की त्यांचा एकच प्रश्न.

"पोचलं का रे तिला?"

"गेलं, काकू."

"गेलं ते मला दिसलं. पोचलं का?"

त्यांच्या घरी प्रत्येक पत्राची पोच देण्याची रीत होती. पत्र आलं की त्याच दिवशी कार्डावर एक ओळ जायची: पत्र पावलं, सविस्तर नंतर. मुलगी मात्र नोकरी, डॉक्टर आणि जड पाय यांतून आठवड्याला एखादं पत्र लिहायची. मधल्या दिवसांत काकू संध्याकाळी येऊन कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसत. पडद्याकडे बघत राहत. मुलीला नववा लागला तसं त्या बसण्याचं मला ओझं व्हायला लागलं.

म्हणून मी शक्कल लढवली. कुठलंही पत्र आलं की "पत्र पावलं, सविस्तर नंतर" अशी पोच आपोआप जाईल, असं एक कलम मी सॉफ्टवेअरमध्ये घातलं. आधी माझ्या पत्त्यावर बसवून बघू, जमलं तर मुलीलाही करून देऊ. सकाळी घाईत एक चाचणीचं पत्र लिस्टला टाकलं आणि ऑफिसला गेलो.

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट साधी होती. लिस्टवरच्या सहा घरांबरोबर सातवा मीही होतो. माझं पत्र लिस्टवर गेलं, त्याची एक प्रत मला आली, कॉम्प्युटरने तिची पोच लिस्टला दिली, त्या पोचेची प्रत मला आली, आणि तिचीही पोच गेली. हे सगळं घरातल्या घरात चाललेलं, फोन लावायचीही गरज नव्हती. दिवसभर तो स्वतःशीच अत्यंत अदबीने पत्रव्यवहार करत होता. आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नसे. त्या दिवशी ती गेली नाही.

संध्याकाळी त्याने ठाण्याला फोन लावला तेव्हा काकू आणि मी चहा पीत होतो. मोडेमचे दिवे लुकलुकत राहिले, थांबेनातच.

"आज बरीच पत्रं दिसतायत," काकू म्हणाल्या.

"बघा तर," मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, हे लिहायला आजही हात अडखळतो.

दुसऱ्या सकाळी इंटरनेटवाल्यांनी आमचं खातं बंद केलेलं होतं. ठाण्याला त्यांच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या माणसाने मला नीट न्याहाळलं. "साहेब, तुम्ही स्वतःलाच एवढी पत्रं का लिहिता?" खातं सुरू व्हायला आठवडा लागेल म्हणाला.

काकूंना सांगितलं. त्यांनी पोचेच्या पोचेचं चक्र वगैरे काही विचारलं नाही.

"म्हणजे आता तिचं पत्र आलं तर?"

"परत जाईल."

"आणि तिला कळणार, की आईने घेतलं नाही."

एवढंच म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यांच्याकडे फोन नव्हता; आमचा नंबर जावयाकडे होता, पण तिकडून फोन करणं महाग म्हणून काकूंनीच ते बंद करायला लावलं होतं. माझ्या भरवशावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जावई होते. म्हणाले, त्यांची ईमेलची पेटी माझ्या पोचांनी भरून बंद पडली, बातमी कळवणारं पत्रही माझ्याकडून परत आलं, म्हणून शेवटी फोन केला. मी चपला न घालता जिन्यावर धावलो.

काकू आल्या, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. जावयांचं ऐकून घेतलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग म्हणाल्या, "तिला दे." नंतर बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मी आत जाऊन उभा राहिलो.

फोन ठेवून मला हाक मारली. डोळे पुसत होत्या, पण चेहऱ्यावर मिस्कील हसू होतं.

"तिने तुला निरोप दिलाय. दादाला सांग, पत्र पावलं."

ते कलम मी त्याच दिवशी काढून टाकलं. खातं पुढे सुरू झालं, लिस्टही काही वर्षं चालली. मुलीचं पत्र आलं की मी वर जाऊन सांगायचो, आणि काकू सांगतील ती ओळ, एकेक अक्षर शोधत, स्वतः टाइप करायचो.