हात चालतो, तोंड नको

त्याने रिटायरमेंट जाहीर केली तेव्हा मी वॉर्डच्या स्टाफरूममध्ये गार झालेला चहा पीत बसले होते. फोनवर चार ओळी आणि एक पाठमोरा फोटो, बॅट काखेत धरलेला. निरोपाची मॅच नाही, काही नाही. माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं, तर शेजारच्या इंग्लिश नर्सने काळजीने विचारलं, घरची काही वाईट बातमी आहे का. मी हो म्हटलं. खोटं कुठे होतं ते?

एवढ्या मोठ्या बॅट्समनची मी एवढी मोठी फॅन, आणि त्याला मैदानात खेळताना मात्र मी कधीच पाहिलेलं नाही. इंग्लंडला आल्यापासून टीव्हीवर लाइव्हसुद्धा धड नाही. पाहिले ते हायलाइट्स, निकाल कळून गेल्यावर. कारण आमच्या लीड्सच्या घरात मी पनवती.

झालं असं की आम्ही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी एकदा शिफ्ट संपवून घरी आले. नवरा आणि त्याचे इथलेच एक मित्र, मूळचे नागपूरचे हार्टचे डॉक्टर, सोफ्याच्या टोकावर बसलेले. टीव्हीवर तो शतकाच्या उंबरठ्यावर. मी कोटसुद्धा काढला नव्हता, दारातूनच विचारलं, "किती झाले रे?" आणि पुढच्याच बॉलला दांडी गुल. पुढच्या मॅचला भज्यांची ताटली घेऊन आत गेले, पुन्हा तेच. डॉक्टर उठले, हात जोडून म्हणाले, "वहिनी, पाया पडतो तुमच्या, तो खेळतोय तोवर आतच थांबा." सगळे हसले. मीही हसले. तिसऱ्या वेळी मी किचनमध्ये थांबले आणि या बाबाने शतक ठोकलं! मग काय, कायदाच झाला.

आमचं घर जुनं. किचन आणि बैठकीच्या मधल्या भिंतीत एक लाकडी झडप आहे, ताटं पलीकडे द्यायला. तो बॅटिंगला आला की मी किचनमध्ये, आणि चहा, भजी, पोहे झडपेतून पलीकडे. "हात चालतो, तोंड नको," असं नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. झडप उघडायची, ताटली सरकवायची, लगेच बंद. डॉक्टरांची बायको मात्र सोफ्यावर मधोमध, कारण तिचा पायगुण चांगला. त्या बाईला अजून नो बॉल म्हणजे काय ते कळत नाही. माझा कसा जळफळाट व्हायचा!

आणि त्याचं वेड मुळात माझं. लग्नाआधी, पुण्यात, तो टीममध्ये नवा नवा आला होता तेव्हा मीच सांगत होते की हा पोरगा राज्य करणार. नवरा म्हणायचा, "छे, फार घाई करतो, टिकायचा नाही."

मग झुगारून का नाही दिलं? अहो, बारा तास उभं राहून आलेल्या बाईच्या अंगात भांडायचं त्राण उरत नाही. आणि खरं सांगू, भीती वाटायची. मी गेले आणि तो खरंच आउट झाला तर? बाकीचे काय म्हणतील ते राहू दे, मलाच ते सोसलं नसतं. म्हणून मी कढईपाशी उभी राहून कान देऊन ऐकायची. नवऱ्याची टाळी वाजली की चौकार. डॉक्टर "अरे, अरे, अरे" करू लागले की झेल उडालाय. सगळं चिडीचूप झालं की मी गॅस बंद करायची, कारण तो गेलेला असायचा.

या उन्हाळ्यात टीम लीड्सला खेळायला येणार होती. मी गुपचूप एक तिकीट काढलं, फक्त माझं. रजाही टाकली. नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही. म्हटलं, आउट झाला तर झाला, पण निदान माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. एवढ्या गर्दीत माझ्या एकटीच्या पनवतीला कोण विचारतंय! आणि आल्या त्या चार ओळी. टीम येईल, तिकीटही चालेल. तो येणार नाही.

त्या रविवारी आमच्याकडे सुतक असल्यासारखे सगळे जमले. "आता बघायला उरलं काय?" डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते. नवरा त्याचा एकेक फटका हाताने हवेत मारून दाखवत होता. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "वहिनी, त्याच्या निम्म्या शतकांचं श्रेय तुमचं. तुम्ही किचन सांभाळलंत." डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या, थट्टा नव्हती. मला चिडायचं होतं. चिडायलाही जीव लागतो. मी चहा टाकायला आत गेले.

नवऱ्याने त्याची एक जुनी इनिंग लावली. मी झडप उघडून ट्रे सरकवला. नवऱ्याने टीव्हीवरची नजर न हलवता तो घेतला आणि पलीकडून झडप लावून टाकली.

रेकॉर्डिंग होतं ते! रिटायर झालेल्या माणसाचं!

मी हात पुसले, दाराने फिरून बैठकीत गेले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांची बायको सोफ्यावर उगीचच जरा सरकली. "अगं..." नवरा म्हणाला.

"तो आता खेळत नाही," मी म्हटलं. "मी काय वाकडं करणार त्याचं?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मग बंद झडपेकडे बघितलं त्याने. बराच वेळ हातातला रिमोट नुसता फिरवला आणि हळूच विचारलं, "सुरुवातीपासून लावू?"

मी मान डोलावली. पडद्यावर तो पायऱ्या उतरून मैदानात आला. ग्लोव्हज घट्ट केले, क्रीजवर बॅट टेकवली. मी श्वास रोखून पुढे सरकले. बॉलर धावत निघाला.

"हा चौकार," बॉल सुटायच्या आतच डॉक्टर म्हणाले. आणि चौकारच गेला.