कांचनताईंची ओढणी

आमच्या कारखान्यातला सोन्याचा चुरा शेठ रोज संध्याकाळी झाडून, गाळून परत घेतात. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते साठतच जातात! हाटकेशच्या गाळ्यात आम्ही तिघं सेटर, म्हणजे दागिन्यांत खडे बसवणारे. विनायक, तौफिक आणि मी. आणि आमचं काम तपासायला कांचनताई.

*

कांचनताईंकडे एक जुनी जॉर्जेटची ओढणी आहे. खड्याला धरणारं सोन्याचं नख नीट दाबलं नसेल, तर ते कपड्यात अडकतं. म्हणून त्या प्रत्येक अंगठी ओढणीवरून ओढतात. धागा निघाला की नापास! कुठला धागा कुणी काढला, हेही त्यांना पाठ. "हा तुझा, दिवाळीच्या घाईतला," असं मला आजही ऐकवतात.

विनायक एकदा चिडून म्हणाला, "ताई, कधीतरी चांगल्या साडीवर ओढून बघा की!"

"तुमच्या भरवशावर? नाय बाबा!"

हे मात्र आम्हा तिघांनाही फार लागलं.

*

अंगठी कानाशी धरून टिचकी मारली की सैल खडा बारीक वाजतो. पण शेजारच्या गाळ्यात दिवसभर लोखंड कापतात. शांतता मिळते ती फक्त संडासात! एकदा एक नवीन व्यापारी बसला होता. आतून तौफिक खुशीत ओरडला, "बिलकुल आवाज नहीं आ रहा!"

व्यापारी हळूच शेठना म्हणाला, "डॉक्टर को दिखाया क्या इसको?"

*

बेव्हर्ली पार्कच्या एका मॅडमना मी पुखराज बंद सेटिंगमध्ये बसवून दिला. म्हणजे खड्याभोवती सोन्याची अखंड कड. त्यांनी विचारलं, "अंदर ग्लू लगाया है ना?"

विनायक जागेवरूनच म्हणाला, "मॅडम, ग्लू लिफाफे को लगता है!"

मॅडम फणकाऱ्याने गेल्या. पण नंतर जावेच्या कुड्या घेऊन त्याच परत आल्या.

*

पाचू नाजूक. जोर जरा जास्त झाला की तडकतो. विनायक पाचू बसवत असला की पंखा बंद, मोबाइल बंद. एकदा शेठ त्याच्या मागे उभे राहून टेन्शनमध्ये जोरजोरात श्वास घ्यायला लागले.

विनायक मान वर न करता म्हणाला, "शेठ, श्वास बाहेर जाऊन घ्या."

आणि शेठ गेले हो! पाचू बसल्यावरच आत आले. आम्हा सेटरांची छाती फुगते ती काय उगाच?

*

कांचनताईंच्या लेकीचा साखरपुडा वरसावेच्या हॉलमध्ये होता. जावयाची अंगठी आम्हीच केली. एक हिरा, चार नखं. तिघांनी एकेक दाबलं, चौथ्यावरून भांडण झालं. पॉलिशला इतका उशीर झाला की अंगठी थेट हॉलवर आली. कांचनताईंनी ती तपासलेलीच नव्हती! व्याह्यांसमोर धागा निघाला असता तर आम्हाला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

बुद्धवंदना झाली. विनायकने डबी पुढे केली. कांचनताईंनी अंगठी उचलली, अंगावरच्या कोऱ्या पैठणीचा पदर हातावर पसरला आणि अंगठी त्यावरून सरळ ओढली!

एकही धागा हलला नाही. मला तर रडूच आलं.

विहीणबाईंना मौज वाटली. त्यांनी बोटातली, मोठ्या शोरूममधून घेतलेली अंगठी काढून दिली. "आमची पण बघा की!"

"बघते ना," म्हणत कांचनताईंनी पर्स उघडली आणि ओढणी बाहेर काढली.