चंदनाबाईंच्या सातवीतल्या मुली

चंदनाबाई मगदूम मूळच्या निपाणीच्या. लग्नानंतर वर्षातच नवरा गेला, तेव्हा वडिलांनी त्यांना मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं. बाविसाव्या वर्षी त्या बेळगावजवळ सांबऱ्याशेजारच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेवर रुजू झाल्या. शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की पोरगी शेणगोठ्याला लागायची, हे गावानं ठरवलेलंच होतं आणि बाईंनीही दहा वर्षं त्यावर तोंड उघडलं नव्हतं.

बेचाळीस साली महायुद्धाची झळ वेशीपर्यंत आली. सांबऱ्याच्या माळावर विमानतळाचं काम निघालं, तरणे गडी मराठा पलटणीत भरती झाले आणि मुलांच्या सातवीपर्यंतच्या शाळेचे मारुतीराव मास्तर लष्करी कचेरीत कारकून म्हणून गेले. बदली मास्तर मिळेना. शेवटी शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले आणि त्याही शाळेची किल्ली बाईंच्या हातात देऊन गेले.

"बाईमाणूस दांडग्या पोरास्नी काय आवरणार?" चावडीवर भरमूआण्णा म्हणाला.

बाईंनी ऐकून घेतलं आणि आपल्या मुली उचलून मुलांच्या शाळेत आणून बसवल्या. एकटीला दोन जागा सांभाळणं होईना, हे कारण खरंच होतं. पण वर्ष सरलं तेव्हा चौथीच्या पाच मुली पाचवीत गेल्या आणि त्यांना घरी धाडायचं बाईंनी नावच काढलं नाही. हटकायला येणारे बापच पलटणीत होते.

त्यातली एक अक्काताई. तिचा बाप परशराम इटलीत लढत होता. आई नागुबाई म्हणाली, "शिकू द्या बाई. शेताला मी हाय की."

पाचातल्या दोघी सातवीपर्यंत टिकल्या, अक्काताई आणि जयाबाई. त्याच वर्षी लढाई संपली. मारुतीराव परतले, पाठोपाठ परशरामही आला, एक पाय अधू होऊन.

मारुतीराव सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, तुम्ही शाळा राखलीत, उपकार झाले. आता तुमच्या मुली घेऊन जा."

"किल्ली घ्या तुमची. मुली राहतील. चार महिन्यांवर सातवीची फायनल परीक्षा आहे. माझ्याकडं सातवी कुठाय?"

"गावात पुरुष परत आलेत. लोक काय म्हणतील?"

"चार वर्षं काय म्हणाले?"

बाई चालत बेळगावला गेल्या आणि दिपोटीसाहेबांचा लेखी हुकूम घेऊनच परतल्या.

पण परशरामाच्या उंबऱ्याआत हुकूम चालणार नव्हता. "बाई, पोरगी सोळा वर्साची झाली. सोयरीक आलीया. आता शाळा न्हाय."

चुलीपासनं नागुबाईच बोलली, "तुमची पत्रं आलती ती कुणी वाचली? हिनंच. पायाला गोळी लागली ते मला हिनंच सांगितलं. माझ्याफुडं रडली बी न्हाय."

परशरामानं लेकीकडं बघितलं. "परीक्षा हुंदे," तो म्हणाला. "मग बघू."

पहिल्या खेपेला अक्काताई गणितात नापास झाली. थांबून राहिलेली सोयरीक मोडली आणि परशराम सहा महिने बाईंशी बोलला नाही. बाईंनी रोज संध्याकाळी तिच्याकडून गणितं घोटून घेतली. सत्तेचाळीसला ती पास झाली आणि जूनमध्ये ट्रेनिंगला निघाली. लंगडत का होईना, बापच पेटी घेऊन सर्व्हिस मोटारीपर्यंत गेला.

जयाबाईचं लग्न मात्र परीक्षेआधीच उरकलं आणि ती काकतीला नांदायला गेली. लग्नाआधी बाई तिच्याही घरी दोनदा गेल्या होत्या. दुसऱ्यांदा कुणी बसा म्हटलं नाही.

पुढं अक्काताईचं कुणी कौतुक केलं की बाई म्हणायच्या, "गणितात जया तिच्यापेक्षा हुशार होती."